कानाचं मशीन दर आठवड्याला बंद पडतंय? दुकानात जाण्याआधी हे बघा

गेल्या वर्षी आषाढापासून गणपतीपर्यंत आमच्या घरात एकच वाक्य सारखं ऐकू यायचं, "सूनबाई, मशीन गेलं परत." माझे सासरे, अण्णा, 81 वर्षांचे. बडोद्यात दांडिया बाजारच्या जुन्या घरात आम्ही राहतो. दोन्ही कानांना मशीन आहे: कानामागे बसणारा छोटा भाग, तिथून पातळ तार कानात उतरते आणि तिच्या टोकाला मऊ रबरी टोपी, जिला डोम म्हणतात.

मशीन बंद पडलं की मी ते दुकानात घेऊन जायची. तिथला मुलगा ब्रशने पुसायचा, काहीतरी बदलायचा, कानाला लावून "चालतंय बघा" म्हणायचा. चालायचंही, पाच-सहा दिवस. मग पुन्हा तेच. चौथ्या फेरीला दुकानदार गुजरातीत म्हणाले, "काका, हवे नवुं लई लो," म्हणजे आता नवंच घ्या. मशीन पावणेदोन वर्षांचं होतं. अण्णा काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर त्यांनी दोन्ही मशीनं डबीत घातली आणि डबी कपाटात ठेवली. तीन दिवस ते जेवायला बसले, उठले, कुणाशी बोलले नाहीत. तो काळ मला अजून आठवतो, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिते आहे. कपाटात गेलेलं मशीन पुन्हा कानात येणं फार कठीण असतं.

फुल्या

आमच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, सगळं लिहिलेलं असतं. मशीन बंद पडेल त्या दिवशी मी त्यावर फुली मारायला लागले होते. सहा फुल्या झाल्यावर एकदा भाजी निवडता निवडता तिकडे लक्ष गेलं. सहापैकी पाच फुल्या सोमवारी किंवा मंगळवारी होत्या.

मग रविवारी काय होतं ते आठवलं. रविवारी अण्णांचं तेल असतं. खोबरेल कोमट करून डोक्याला, पाठीला, आणि दोन-दोन थेंब कानात. लहानपणापासूनची सवय, त्यांच्या आईने लावलेली. मग कढत पाण्याने आंघोळ आणि लगेच कानात मशीन, कारण नऊ वाजता त्यांचे मित्र येतात.

मी भिंगाने डोमच्या टोकाकडे पाहिलं. डोम ओढून काढला की आत एक पांढरी जाळी दिसते, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. हे वॅक्स गार्ड, मळ अडवणारी गाळणी. त्या जाळीवर गोठलेल्या तुपासारखा पिवळट थर होता आणि एकही भोक मोकळं नव्हतं. तेलाने कानातला मळ सैल होऊन वाहत येत होता आणि सोमवारपर्यंत जाळी बुजत होती. दुकानात जाळी बदलली जायची, म्हणून पुढच्या रविवारपर्यंत चालायचं. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की दर वेळी बंद पडल्याची तारीख, वेळ आणि त्याआधी काय केलं होतं ते कुठेतरी लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्रासाला बहुतेक वेळा काहीतरी ठराविक लय असते. कुणाकडे ती दर संध्याकाळच्या फिरण्यानंतरची, म्हणजे घामाची असेल. कुणाकडे ठराविक दिवसांनी, म्हणजे सेलची.

आधी आवाजाची वाट समजून घ्या

मशीन कितीही आधुनिक असो, त्यातला प्रवास साधा आहे. बाहेरचा आवाज मायक्रोफोनच्या बारीक भोकांतून आत जातो, चिपमध्ये त्यावर काम होतं, रिसीव्हर म्हणजे चिमुकला स्पीकर तो कानात सोडतो, आणि या सगळ्याला सेल ताकद देतो. 1990च्या दशकाच्या मध्यापासून ही चिप डिजिटल झाली आणि खरा फरक तिथे पडला. जुनं मशीन सगळंच मोठं करायचं: बोलणं, पंखा, भांडी, सगळं. आताचं मशीन कानाच्या तपासणीत निघालेल्या आलेखाप्रमाणे ज्या पट्टीत कमी ऐकू येतं ती पट्टी जास्त उचलतं. हळू आवाजाला जास्त जोर देतं आणि मोठ्या आवाजाला कमी, म्हणजे कुजबुज कळावी आणि कुकरच्या शिट्टीने दचकायला होऊ नये. पण एवढी हुशार चिपसुद्धा बुजलेल्या जाळीपुढे हतबल असते. घरी आपण चिप दुरुस्त करू शकत नाही, तिच्या अलीकडची आणि पलीकडची वाट मात्र मोकळी करू शकतो, आणि दहापैकी बऱ्याच वेळा अडचण तिथेच असते.

अजिबात आवाज नाही

सेलपासून सुरुवात करा. कानाच्या मशीनचे सेल हवेवर चालतात. त्यावरचं रंगीत स्टिकर काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं सेल तसाच मोकळा ठेवा, मग बसवा. घाईने बसवलेला सेल लवकर संपल्यासारखा वाटतो. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, एकदा सुरू झाला की तो वापरा अगर नका वापरू, संपतच जातो. हात तेलकट असतील तर आधी धुवा, कारण त्या भोकांवर तेल बसलं की सेलचा श्वास कोंडतो.

स्टिकरचा रंग लक्षात ठेवा: पिवळा 10 नंबरचा, तपकिरी 312, केशरी 13, निळा 675. अण्णांचा 312 आहे. तो साधारण आठवडाभर जातो, मोबाइलचा आवाज थेट मशीनमध्ये घेतला तर त्याहून कमी. चार्जिंगवालं मशीन असेल तर ते डबीत नीट बसलंय का आणि दिवा लागतोय का ते पाहा. चार्जिंगच्या टोकांवर मळ साचला की रात्रभर ठेवूनही चार्ज होत नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसलं की पुरतं. आणि घरात लहान मूल असेल तर वापरलेले सेलसुद्धा त्याच्या हाताला लागू देऊ नका. गिळला गेला तर ताबडतोब दवाखाना.

सेल ठीक असेल तर मशीन चालू करून मुठीत धरा. चुईं असा आवाज आला तर मशीन जिवंत आहे. नव्या काही मशीनांत शिट्टी दाबायची सोय इतकी चांगली असते की मुठीतही ती वाजत नाहीत, त्यामुळे शिट्टी आली नाही म्हणजे मशीन मेलंच, असं समजू नका. ऐकून पाहायची एक नळी मिळते, स्टेथोस्कोपसारखी. घरात मशीन वापरणारं माणूस असेल तर ती घ्याच. आपल्या धडधाकट कानाने मशीन ऐकता आलं की अर्धे वाद तिथेच मिटतात.

नळीत आवाज येत नसेल तर जाळी बदला. जाळीच्या पाकिटात दोन टोकांच्या काड्या असतात. एक टोक जुन्या जाळीत सरळ घुसवून ओढायचं, काडी फिरवायची, दुसऱ्या टोकावरची नवी जाळी दाबून बसवायची. पहिल्या दिवशी मला दहा मिनिटं लागली, आता अण्णा स्वतः चष्मा लावून करतात. सुई, टाचणी, काडेपेटीची काडी, यांतलं काहीही त्या भोकात घालू नका. जाळी फाटते आणि तिचे तुकडे रिसीव्हरवर जाऊन बसतात, मग खरोखर खर्च येतो. जाळीचे प्रकार कंपनीप्रमाणे वेगळे असतात, म्हणून विकत घेताना जुनं पाकीट बरोबर न्या. डोमसुद्धा बदलत राहायचा असतो, कडक किंवा पिवळा पडला की लगेच.

एक गोष्ट सहज निसटते. काही मशीनांवर बटण असतं आणि त्यात टेलिकॉइल नावाचा प्रोग्राम असतो, जो मायक्रोफोनऐवजी फोनसारख्या उपकरणांच्या चुंबकीय लहरी पकडतो. चुकून तो लागला की बाहेरचं बोलणं बंद होतं, नुसती घूंऽऽ ऐकू येते. आमच्याकडे वेगळंच झालं होतं. मशीन नातवाच्या मोबाइलला जोडलेलं राहिलं होतं. तो आतल्या खोलीत क्रिकेट बघत बसला की अण्णांच्या कानात समालोचन सुरू, आणि समोरच्याचं बोलणं दबलेलं. दोन दिवस कुणाला उमगलं नाही. आता मशीन फक्त अण्णांच्याच फोनला जोडलेलं आहे.

आवाज मंद, तुटक, कुरकुरीत: हा पावसाळ्याचा आजार

विश्वामित्री नदी फुगायला लागली की आमच्या घरात मीठसुद्धा पाझरतं, मग कानामागे दिवसभर घामात बसलेल्या मशीनचं काय होत असेल! खोक्यावर आयपी 68 लिहिलेलं असलं तरी निर्धास्त राहू नका. तो आकडा धूळ आणि पाणी किती आत शिरतं याचा आहे. जाळीवर साचणारा मळ, तेल आणि रोजचा दमटपणा यांवर तो उपाय नाही. सेलच्या मशीनला तर हवा लागतेच, मग हवेबरोबर दमटपणाही आलाच.

रात्री झोपताना सेल बाहेर काढा, सेलचं झाकण उघडं ठेवा, मशीन पुसा आणि सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. सेल मात्र त्या डबीत ठेवू नका, तो कोरडा पडून लवकर संपतो. आमच्या डबीतले मणी निळे आहेत, ओलावा भरला की गुलाबी होतात, मग बदलायचे. काही मणी केशरी असतात, ते हिरवे पडतात. तांदळात ठेवायचा सल्ला आम्हालाही शेजाऱ्यांनी दिला होता. तांदळाची भुकटी मायक्रोफोनच्या भोकांत जाते, ते करू नका. केस वाळवायचा ड्रायर नको, ऊन नको, गॅसजवळ नको, स्पिरिट नको, ओलं फडकं नको. फक्त कोरडं मऊ कापड आणि बरोबर आलेला ब्रश. ब्रशने झाडताना मायक्रोफोनचं तोंड खाली ठेवा, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडतो.

अण्णांच्या तेलाचं काय केलं, हे बऱ्याच जणींनी विचारलं. डोक्याला, पाठीला तेल सुरूच आहे, ते त्यांचं सुख आहे. कानात घालायचं मात्र आम्ही थांबवलं, आणि तेही मी सांगून नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना दुर्बिणीतून त्यांचाच कान स्क्रीनवर दाखवला तेव्हा. तेल, मळ आणि इअरबडने आत ढकललेला कापूस, असा गोळा होता. तो काढल्यावर डॉक्टर नेहमीच्या आवाजात बोलले आणि अण्णा मशीनशिवाय "हो" म्हणाले. आंघोळीनंतर आता ते अर्धा तास थांबतात. मित्रांना साडेनऊला यायला सांगितलंय.

शिट्टी

शिट्टी म्हणजे कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो आणि मायक्रोफोन तोच परत उचलतो. चिप हा फेरा ओळखून तो आवाज उलटा करून मारते, पण फट मोठी असेल तर तिलाही जमत नाही. म्हणून शिट्टी आली की आवाज कमी करून बसू नका, फट शोधा. डोम पुरता आत गेलाय का? डाव्या-उजव्याची अदलाबदल झालीय का? लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्याची. कानात मळ आहे का? मळावर आपटून आवाज परत फिरतो, तेव्हाही शिट्टी येते. वजन उतरलं की कानाची नळीही सैल होते आणि जुना डोम किंवा मोल्ड, म्हणजे कानाच्या ठशावरून बनवलेला तुकडा, ढिला पडतो. मोठ्या ताकदीच्या मशीनला मोल्ड आणि प्लास्टिकची नळी असते. ती नळी काही महिन्यांत कडक आणि पिवळी होते, तेव्हा बदलून घ्यावी लागते.

मशीन चालू आहे, पण "कळत नाही"

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि यातच घरात सर्वांत जास्त भांडणं होतात. अण्णा म्हणायचे, "ऐकू येतं, पण काय म्हणताय ते कळत नाही." आम्हाला वाटायचं, लक्ष देत नाहीत.

वयाने कान जातो तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस, ते ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि हलकी, ती गळतात. मी "साखर घालू?" विचारलं की त्यांना "आखर आलू" असं काहीतरी पोचायचं. माणूस बोलतंय हे कळतं, शब्द फुटत नाही. अशा वेळी ओरडून उपयोग नसतो, ओरडल्याने स्वरच आणखी मोठे होतात आणि व्यंजनं त्याखाली दबतात.

घरी करायची एक सोपी चाचणी आहे, डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी. सहा आवाज: म, ऊ, आ, ई, श, स. तीन फुटांवर उभं राहा, ओठ दिसू नयेत म्हणून ऐकणाऱ्याला डोळे मिटायला सांगा आणि नेहमीच्या आवाजात, क्रम बदलून एकेक म्हणा. ऐकणाऱ्याने जे ऐकलं ते म्हणायचं. या सहा आवाजांत खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्याचा सगळा पल्ला येतो. श आणि स काल येत होते आणि आज येत नाहीत, तर बहुधा जाळी अर्धवट बुजली आहे. मशीन घेतल्यापासून ते कधीच आले नाहीत, तर सेटिंग बघायला हवं. आम्ही दर सकाळी चहाच्या वेळी ही चाचणी करतो, एक मिनिट लागतं.

सेटिंगसाठी ऑडिओलॉजिस्टकडेच, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडेच जा आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे ना, ते विचारा. कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी घालून मशीनचा आवाज तिथे नेमका किती पोचतो ते मोजता येतं. हे मोजमाप मागून घ्या, नुसतं "आता बरं वाटतंय का?" यावर सेटिंग ठरवू नये. कान तपासायचाच राहिला असेल तर काळा घोड्याजवळच्या सयाजी हॉस्पिटलात कान-नाक-घशाचा विभाग आहे. आणि तपासणी न करता मागवलेली स्वस्त, आवाज वाढवणारी यंत्रं घेऊ नका. ती पंख्यासकट सगळंच वाढवतात.

आमच्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं तेव्हा स्क्रीनवर आलं की अण्णा दिवसाला सरासरी दोन तासच मशीन घालत होते. आताची मशीनं ही नोंद ठेवतात. त्या म्हणाल्या, मेंदूला हे आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात आणि दोन तासांत ते होणार नाही. पहिल्या दिवसांत वर्तमानपत्राची घडी मोडली तरी कर्कश वाटतं, तेव्हाच लोक मशीन काढून ठेवतात. आम्ही सकाळी घरात, मग गच्चीवर, मग कमाटीबागेत, आणि शेवटी लग्नाच्या पंगतीत, असं वाढवत नेलं.

गोंगाटात मशीनचे दिशा ओळखणारे मायक्रोफोन समोरचा आवाज उचलतात आणि मागचा दाबतात. म्हणून मशीन घालणाऱ्याला भिंतीला पाठ करून, बोलणाऱ्याकडे तोंड करून बसवा. अंतर कमी करा, कारण मशीनची करामत तीन ते सहा फुटांतच चांगली चालते. स्वयंपाकघरातून हाक मारून "ऐकू येत नाही का?" म्हणणं आम्ही बंद केलं. आधी समोर जायचं, मग बोलायचं. नवरात्रात लाउडस्पीकरच्या जवळ मात्र मशीन काढून डबीत, आणि कानांना विश्रांती.

हे घरी करत बसू नका

नळीतून ऐकलं, मशीन खणखणीत वाजतंय, आणि तरी एका कानाला अचानक काहीच येत नाही, तर तो मशीनचा प्रश्न नाही. एक-दोन दिवसांत एकदम गेलेली श्रवणशक्ती ही तातडीची गोष्ट आहे, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. औषध लवकर सुरू झालं तर ऐकू यायची शक्यता जास्त असते. "सेल बघू, सोमवारी दुकानात जाऊ" यात ते दिवस निघून जातात. कानातून पाणी किंवा पू, दुखणं, चक्कर, यांतलं काहीही असेल तरी हेच.

आमच्या घरी आता फ्रिजवर एक डबा असतो. त्यात दोन पाकिटं सेल, जाळीच्या काड्या, ब्रश, ऐकायची नळी आणि भिंग. सेल फ्रिजच्या आत ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांवर पाणी धरतं. श्रावण संपत आला, या वर्षी कालनिर्णयवर एकच फुली आहे, तीही सेल संपल्याची. डाव्या कानाचं मशीन मात्र भाकरी चावताना अजून शिट्टी मारतं. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि डोम सरकतो. त्यासाठी कानाचा ठसा घेऊन मोल्ड करायला दिलाय, गुरुवारी मिळेल.